मुक्काम यवतमाळ

विदर्भात फिरायला आलेला माणूस बहुधा नागपूरला उतरतो, ताडोबा किंवा मेळघाट गाठतो आणि वेळ उरलाच तर सेवाग्राम करतो. यवतमाळ त्याला वाटेत लागते, पण तिथे मुक्काम होत नाही. माहूरला निघालेल्या गाड्या चहापुरत्या थांबतात. टिपेश्वरचा वाघ पाहायला आलेली मंडळी पांढरकवड्यावरूनच नागपूर किंवा हैदराबादकडे वळतात. माझे सांगणे असे, की यवतमाळला खोली घ्यावी, सामान तिथेच टाकावे, रोज सकाळी नव्या रस्त्याने निघावे आणि रात्रीच्या जेवणाला परत यावे. १६ तालुक्यांचा आणि साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा जिल्हा एका दिशेने पाहिला तर चौथाईही कळत नाही. कळंबकडचा माणूस, पुसदचा माणूस आणि वणीचा माणूस एकाच जिल्ह्याचे असले तरी त्यांची माती, पिके आणि घरातली बोलीसुद्धा वेगळी असते. या सगळ्यांच्या कामाचे कागद मात्र यवतमाळच्या कचेरीत असतात, आणि त्यासाठी त्यांना इथे यावेच लागते.

शहर माळावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे साडेचारशे मीटर. अमरावतीकडून नेरमार्गे या किंवा वर्ध्याकडून कळंबमार्गे या, शेवटच्या टप्प्यात चढ जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री चांगल्याच गार असतात, स्वेटर बरोबर हवाच. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अमरावती नव्वद, वर्धा सत्तरच्या आसपास. रेल्वेने येणारे आजही बहुतेक धामणगावला उतरतात आणि तिथून एसटी किंवा जीप धरतात. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मोठ्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. स्वतःची गाडी असेल तर उत्तम. नसेल तर दिवसाच्या बोलीवर गाडी ठरवावी आणि चालक याच भागातला घ्यावा. कोलाम आदिवासींच्या पोडाकडे किंवा बंजाऱ्यांच्या तांड्याकडे जाणारा फाटा नकाशापेक्षा त्याला नेमका ठाऊक असतो.

हे शहर मोठे केले ते कापसाने आणि कचेरीने. १८५३मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८६४मध्ये आग्नेय वऱ्हाड नावाचा जिल्हा झाला, पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५मध्ये वाशीम जिल्हा मोडला, त्याचा पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. म्हणजे आज आपण जे शहर पाहतो, ते बव्हंशी गेल्या दीडशे वर्षांतले आहे. जुने किल्ले-वाडे शोधत आलेल्याची इथे निराशा होईल. या शहराचा इतिहास जिनिंगच्या आवारात, वकिलांच्या जुन्या घरांत आणि आझाद मैदानावर शोधावा लागतो.

पहिली संध्याकाळ शकुंतलेच्या स्थानकाला द्यावी. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी अडीच फुटी रुळांची गाडी. अंतर ११३ किलोमीटर, पुढे मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत तिचा दुसरा फाटा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीशी जोडलेला हा खासगी मार्ग. वऱ्हाडातला कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणि तिथून मुंबईच्या बंदरात पोहोचवायचा, हा त्यामागचा हेतू. देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला, गाडी मात्र भारतीय रेल्वे चालवत होती. १९२१मध्ये मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन इथे १९२३पासून धावले. ते थेट १५ एप्रिल १९९४ला निवृत्त झाले आणि डिझेल आले. आता काही वर्षे गाडी बंद आहे. तिकीट स्वस्त, वेग सायकलस्वाराने गाठावा असा, पण दारव्हा, बोरी अरब, कारंजाकडच्या गरीब माणसाला तिच्याइतके हक्काचे दुसरे वाहन नव्हते. बोरी अरबचे कवी शंकर बडे यांनी वऱ्हाडी बोलीला गावोगावच्या मंचावर नेले. त्यांच्या बोलीतला ठसका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या रुळांवरच्या डब्यात कसल्या गप्पा होत असतील याची कल्पना येईल. गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून इथले लोक वर्षानुवर्षे मागणी करतात. त्या मागणीत मला हळवेपणापेक्षा हिशोब जास्त दिसतो: हा मार्ग ज्या गावांतून जातो, तिथे एसटी आजही मोजकीच आहे.

शहरात पायी फिरावे. दत्त चौक, पोस्ट ऑफिस चौक, मेनरोड, आझाद मैदान हा टापू तासाभरात होतो. नवरात्रात आलात तर मात्र एक रात्र पुरणार नाही. इथला दुर्गोत्सव विदर्भात अव्वल मानतात. चौकाचौकांत देखावे असतात आणि खेड्यापाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे रात्रभर पायी फिरतात. बुढीचा चिवडा इथली ख्याती. गाडीत ठेवायला पाव किलो घ्यावा, पुढच्या सगळ्या रस्त्यांवर उपयोगी पडतो. सकाळी तर्रीपोहे किंवा आलूबोंडा. संध्याकाळी कुणाच्या शेतावर रोडगे आणि वांग्याच्या भाजीचे बोलावणे आले तर बाकीचा बेत खुशाल रद्द करावा. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा तुपात चुरून खाताना हॉटेलची आठवण येत नाही.

साहित्याच्या वाचकाला या शहराची ओळख वेगळी आहे. १९७३चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली इथे झाले. जानेवारी २०१९मध्ये ९२वे संमेलनही इथलेच, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने त्या वेळी मोठा वाद झाला. शेवटी उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. निमंत्रण मागे घेणे चूकच होते, हे मला आजही वाटते. पण त्या मंचावरून एका शेतकरी बाईने विधवांच्या जगण्याबद्दल जे रोखठोक मांडले, ते या जिल्ह्यात फिरताना पदोपदी आठवते.

कळंबचा रस्ता सगळ्यात सोपा. पंचवीस किलोमीटरच्या आत चक्रावती नदीकाठी चिंतामणीचे देऊळ आहे. दर्शनाला पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते, गाभाऱ्यापुढे कुंड आहे आणि ठरावीक वर्षांनी त्याचे पाणी चढून गणपतीच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. गौतमाच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे आराधना केली, अशी कथा सांगतात. सकाळी लवकर जावे, नागपूर–तुळजापूर महामार्गावरची गर्दी नंतर वाढते. अर्धा दिवस पुरतो.

पांढरकवड्याच्या रस्त्याला मात्र पूर्ण दिवस हवा, आणि पहाटे निघायची तयारी हवी. शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटर. वाट जोडमोहा, मोहदा अशी जाते. जोडमोह्याला खंडोबाचे ठाणे आहे. सागाचे रान लागते, मग शेते. डिसेंबरात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापसाची पऱ्हाटी फुटलेली असते आणि तिच्या तासांमधून तुरीची पिवळी फुले. वेचणीला जाणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून घोळक्याने चाललेल्या दिसतात. हंगामाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच बोंडाला हात लावतात. वेचाई किलोवर मिळते. वाकून वाकून दिवसभर वेचायचे तेव्हा कुठे चार पैसे सुटतात. रस्त्याकडेला उभे राहिलो तर एक आजी थांबल्या. "कुठचे जी तुमी?" मी सांगितले. "वाघ पाहाले आले काय?" हो म्हणालो. "आमाले तर तो रोजच भ्या देते," एवढे बोलून त्या वावराकडे वळल्या.

टिपेश्वर अभयारण्य १९९७मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १४९ चौरस किलोमीटर, नाव टेकडीवरच्या टिपाई देवीवरून. एवढ्याशा जंगलात वाघ दिसण्याची शक्यता चांगली असते, म्हणून गेल्या काही वर्षांत तेलंगणातूनही पर्यटक येतात. सुन्ना आणि माथनी ही प्रवेशद्वारे लोकांना ठाऊक आहेत. वनविभागाचे ऑनलाइन आरक्षण आधी करावे, आणि पावसाळ्याचे महिने सोडून जावे. जंगल छोटे आहे म्हणजे काय, हे एका वाघाने जगाला दाखवले. टिपेश्वरात जन्मलेल्या आणि गळ्यात रेडिओ कॉलर असलेल्या नराने जून २०१९मध्ये घर सोडले. आदिलाबाद, नांदेड, पैनगंगा अभयारण्य, पुसद, हिंगोली, वाशीम, अकोला असा फिरत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच-सहा महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर. शेते, कालवे, महामार्ग, वस्त्या ओलांडत, बहुतेक रात्री चालत, तो नवा इलाका आणि जोडीदार शोधत होता. आपण जे रस्ते दिवसा गाडीने कापतो, तेच त्याने रात्री पायी कापले आहेत, हे मनात ठेवले की दुतर्फा पसरलेल्या पऱ्हाटीकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते.

याच भागाची दुसरी गोष्ट दुःखाची आहे. राळेगाव-पांढरकवडा परिसरात १३ माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली टी-१ वाघीण, जिला बाहेरच्यांनी अवनी म्हटले, २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री गोळी घालून मारली गेली. देशभर संताप झाला, तिला मारण्याची पद्धत कायदेशीर होती का यावर खटले चालले. वाघिणीसाठी मलाही वाईट वाटते. पण रानाला लागून असलेल्या शेतात उंच पऱ्हाटीत वाकून वेचणारी बाई आणि संध्याकाळी गुरे हाकत परतणारा गुराखी यांच्या जिवाला त्या चर्चेत जेवढी जागा मिळायला हवी होती, तेवढी मिळाली नाही. पर्यटकाने जिप्सीतून उतरल्यावर जवळच्या एखाद्या गावात जाऊन बसावे. कोलामांचे पोड इथे जागोजागी आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी कोलाम ही एक, दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. पोडात गेलात तर आधी चावडीवर थांबावे, कुणी वडीलधारे भेटले की राम राम करावा, फोटो विचारूनच काढावा. बांबूच्या टोपल्या आणि सूप विणणारी माणसे दिसतील, विकत घ्यावेसे वाटले तर घासाघीस करू नये. परतताना केळापूरच्या जगदंबेचे दर्शन होते. इथून पुढे पाटणबोरीकडे बाजारात तेलुगू ऐकू येऊ लागते, पैनगंगा ओलांडली की तेलंगणा.

नैर्ऋत्येची वाट मी मुद्दाम मागे ठेवत आलो आहे, कारण ती मनावर फार काळ राहते. दारव्हा, दिग्रस, पुसद अशी शंभरेक किलोमीटर. दारव्ह्याजवळ धामणगाव देव इथे मुंगसाजी महाराजांचे स्थान आहे, गुरुवारी गर्दी असते. दिग्रस मागे पडले की टेकड्या सुरू होतात, सीताफळे, सागवान आणि बंजारा तांडे. पुसद तालुक्यातल्या गहुली या छोट्या गावात १ जुलै १९१३ला वसंतराव नाईक जन्मले. ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, एवढा सलग काळ ते मुख्यमंत्री होते. याच गावचे सुधाकरराव नाईकही पुढे मुख्यमंत्री झाले. राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चारही कृषी विद्यापीठे वसंतरावांच्या काळातली, संकरित ज्वारी घरोघर पोहोचवण्याचा आग्रह त्यांचाच. राज्यात १ जुलै हा कृषी दिन म्हणून पाळतात. गहुलीत उभे राहिले की तांड्यातल्या एका मुलाचा नागपूरच्या शिक्षणापर्यंतचा आणि तिथून मंत्रालयापर्यंतचा प्रवास केवढा होता ते कळते.

आणि त्याच पट्ट्यात, महागाव तालुक्यात, चिलगव्हाण आहे. तिथले शेतकरी आणि गावाचे अनेक वर्षे सरपंच राहिलेले साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ला पत्नी आणि चार मुलांसह जगणे संपवले. महाराष्ट्रातली पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. वीजबिल, कर्ज, हातचे पीक गेलेले, अशा गोष्टी साचत गेल्या होत्या. आज १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. हरितक्रांतीचा आग्रह धरणारा मुख्यमंत्री आणि तो हरलेला शेतकरी, दोघे शेजारच्या तालुक्यांतले. विहीर नसलेल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत कापूस घ्यायचा, बियाणे, खत, फवारणी उधारीवर, पाऊस लांबला की दुबार पेरणी, आणि माल निघाला की सगळ्यांचा एकदमच बाजारात. यात तोटा कुणाचा होणार हे ठरलेलेच असते. २०१७मध्ये तर फवारणी करतानाच विषबाधा होऊन या जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. चिलगव्हाणला पर्यटनस्थळासारखे जाऊ नये. पण महामार्गावरून जाताना हे गाव कुठे आहे हे माहीत असावे आणि गाडीतल्या मुलांना सांगावे.

याच बाजूला धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की माहूर. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूयेचे देऊळ, किल्ला, पांडवलेणी. यावर इतके लिहिले गेले आहे की इथे भर घालत नाही. यवतमाळहून आर्णीमार्गे सकाळी निघून रात्री सहज परत येता येते, आर्णीत कंबलपोष बाबांच्या दर्ग्यावर थांबावे. पावसाळा असेल आणि उमरखेडपर्यंत जायची तयारी असेल, तर ढाणकी-बिटरगावकडून सहस्रकुंडाला जा. पैनगंगा इथे काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून असंख्य धारांनी कोसळते, पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा. खडकांवर उतरण्याचा मोह टाळावा, पाणी अचानक वाढते.

वणीची दिशा पूर्वेची, मारेगाववरून. इकडे येताना जमीनच बदलते. पश्चिमेचा लाव्हाचा काळा थर पातळ होतो आणि खालचा चुनखडक व कोळसा वर येतो. उकणीच्या खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, कोळशाचे डंपर, धुळीने राखाडी झालेली झाडे. वाटेत झरी जामणी तालुक्यात शिबल्याजवळ स्तंभाकार बेसाल्ट आहे: थंड होताना आकसलेल्या लाव्हाचे पैलूदार दगडी खांब, वय सुमारे सहा कोटी वर्षे. कायरला गरम पाण्याचे झरे आहेत. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव, साल १८८०. वकिली त्यांनी यवतमाळला केली. टिळकांचे ते अनुयायी, आणि टिळकांचे संस्कृत चरित्र लिहिणारे पंडितही. त्या ग्रंथाला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९३०मध्ये गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला, तेव्हा वऱ्हाडापुढे अडचण होती: समुद्र शेकडो मैल दूर. बापूजींनी वेगळी वाट काढली. सरकारने राखीव केलेल्या जंगलात गुरांसाठी चारा कापायलाही बंदी होती, तोच कायदा मोडायचा. १० जुलै १९३०ला पुसदजवळ त्यांनी राखीव रानातले गवत कापले आणि अटक करवून घेतली. शेतकरी आणि आदिवासी दोघांनाही रोज टोचणारा कायदा निवडला म्हणून हा सत्याग्रह वऱ्हाड-मध्यप्रांतात झपाट्याने पसरला. त्याच महिन्यात २१ तारखेला संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या रानात सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले.

लोहारा दारव्हा रस्त्यावर, शहराला लागूनच आहे. निघायच्या दिवशी सकाळी तिथे जावे. कमळेश्वराचे हेमाडपंती देऊळ बघावे, काळ्या दगडाची बांधणी जवळून पाहण्याजोगी आहे. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. गावाशेजारच्या एमआयडीसीत डेनिमची मोठी गिरणी उभी आहे. शंभर क्विंटल कापसातून साधारण तेहतीस-चौतीस क्विंटल रुई निघते, बाकी सरकी, आणि शकुंतलेच्या काळापासून रुईच्या गाठी जिल्ह्याबाहेरच जात आल्या. कापूस इथला आणि कापडाचा नफा दुसरीकडचा, ही तक्रार इथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. लोहाऱ्यात निदान सूत आणि कापड इथेच तयार होते आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना पाळीची नोकरी मिळते. कापसाच्या हंगामात आलात तर या भागातल्या एखाद्या जिनिंगच्या मालकाला विचारून आत जा. ढिगाऱ्यावर चढून सुपरवायझर माल तपासतो, ओलावा मोजतो आणि गाडी लावलेल्या शेतकऱ्याला दर सांगतो. त्या वेळी शेतकऱ्याच्या शेजारी उभे राहावे आणि त्याने ठरवलेल्या भावापेक्षा किती कमी मिळाले, ते त्यालाच विचारावे.